पन्नासचा घूं

वीज डाव्या भिंतीने, आवाज उजव्या.
गाठ पडलीच दोघांची, तर काटकोनात,
चुलत भाऊ कोर्टाच्या जिन्यात भेटतात तशी,
नजर न देता, न थांबता.
एवढं परकारचाचांनी पहिल्या दिवशी सांगितलं
आणि चहा मागवला. बाकीचं म्हणाले, चुकत शीक.

तर माझगावात, गोदीच्या अलीकडे,
दुसऱ्या मजल्यावर कमी ऐकू येणाऱ्या मुलांची शाळा.
तिथल्या हॉलला मी एक तार घातली:
कार्पेटखाली, चारी भिंतींच्या कडेने तांब्याचा वेढा,
निघाली तिथेच परत.
बाई माइकमध्ये बोलणार, वेढ्यात ते फिरणार,
आणि कानातल्या यंत्राचं बटण टी-वर ठेवलं की
मधल्या हवेला न विचारता
शब्द थेट आत.

रॅकमध्ये सगळ्यात खाली यूपीएस, कारण जड.
प्रोजेक्टरच्या पत्त्याचा शेवट एकवीस, कॅमेऱ्याचा बावीस.
एका पत्त्यावर दोघं उतरले तर कुणाचंच पत्र पोचत नाही,
हे फळ्यावर काढून दाखवलं.
मेनेझिस बाईंनी ते अजून पुसू दिलेलं नाही.
प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नाव.
प्रत्येक पेटीत हातभर तार जादा, गुंडाळून.
जादा कशाला, असं विकत घेताना वाटतं.
दुरुस्तीला येणाऱ्याला नाही वाटत.
भिंतीवर कागद: आधी मिक्सर, शेवटी ॲम्प्लिफायर,
बंद करताना उलट.
शिपाई केणी तो कागद रोज मोठ्याने वाचायचा.

मीटर म्हणालं, करंट बरोबर.
वेढा कानाने ऐकायचा डबा बोरिवलीच्या साइटवर राहिला होता.
मी मीटरवर सही केली.

शुक्रवारी मुलं आली. बटणं टी-वर.
बाई नमस्कार म्हणायच्या आधीच
तिसऱ्या रांगेतल्या दुर्वा भंडारेने हात आडवा धरला
आणि थरथरवला.
घूं.
मी कान दिला. बाईंनी दिला. केणीने पंखा बंद करून दिला.
ऐकू येणारे आम्ही तिघं,
आणि तिघांनाही काही ऐकू येईना.
तिचा हात तसाच. मग आणखी पाच हात.

लॅमिंग्टन रोडला फोन लावला.
चाचा म्हणाले, पन्नासचा आहे तो, विजेचा स्वतःचा सूर.
फेज कुठून येतो, न्यूट्रल कुठून परततो बघ.
बिलगून गेले तर एकमेकांचं गुणगुणणं मिटवतात.
लांब गेले तर मधली सगळी जागा गुणगुणते.

छत उघडलं.
कुण्या जुन्या वायरमनने, चार वार तार वाचवायला,
फेज दाराकडून आणला होता,
न्यूट्रल खिडकीकडून नेला होता.
अख्खा हॉल त्या दोघांच्या मधे.
इतकी वर्षं दिवे लागत होते, पंखे फिरत होते,
तक्रारवहीत एक ओळ नव्हती.
ज्यांचे कान धड, त्यांच्यासाठी तो आवाजच नव्हता.

मग मी शिडीवर, दुर्वा खाली.
मेन बंद. तार सरकव. मेन चालू. हात बघ.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत हा एकच धंदा.
पंजा थरथरत होता, त्याची चार बोटं झाली,
मग दोन.
न्यूट्रल फेजला चिकटवून शेवटचा पट्टा आवळला
तेव्हा फक्त करंगळी हलत होती.
बाईंनी माइक घेतला, काहीतरी पुटपुटल्या.
मला मागे नीट कळलं नाही.
पाचवीची मुलं खदाखदा हसली.

करंगळी कशाची, ते सापडलेलं नाही.
खालच्या दवाखान्याच्या फ्रिजवर माझा संशय आहे.
सोमवारी परत जायचंय, डबा घेऊन.
आणि बिल पाठवायचंय:
तांबं, पट्टे, छताची दोन पानं, माझे साडेचार दिवस.
तिच्या हाताची मजुरी कुठल्या ओळीत लावू
हे चाचांना विचारायचं राहिलं.